काट्यावर न लागणारा निकाल : थंड मुलखातली सिरा आणि आपली शिराझ



आज विषय जरा लांबचा आहे, पण फिरून आपल्याच बांधावर येणार आहे. वाइनच्या द्राक्षाबद्दल बोलायचंय, त्यातही सिराबद्दल. प्रसादाचा शिरा नव्हे. आपण जिला शिराझ म्हणून लावतो तीच ही जात. फ्रान्समध्ये तिचं नाव सिरा, ऑस्ट्रेलियात जाऊन ती शिराझ झाली आणि आपल्याकडे तेच नाव रुळलं.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं वाचायचं की नाही ते तुम्ही ठरवा. वाइनच्या द्राक्षाचा निकाल क्रेट काट्यावर चढतात त्या दिवशी लागत नाही. तो बाटलीत लागतो, आणि लागायला काही वर्षं जातात. ही जात जिथली आहे तिथला शेतकरी हा निकाल पिढ्यान्‌पिढ्या स्वतःच्या जिभेवर बघत आलाय. आपल्याकडे पंधरा-वीस वर्षं वाइनची द्राक्षं पिकवणारे असे बागायतदार मला माहीत आहेत, ज्यांनी स्वतःच्या प्लॉटची पाच वर्षं जुनी वाइन एकदाही चाखलेली नाही. हे बदलायला हवं, आणि ते करारात लिहून बदलायला हवं.

आता कारणं सांगतो.

ही जात कुठली?

फ्रान्समध्ये र्‍होन नावाची मोठी नदी उत्तरेकडून दक्षिणेकडे वाहते. लियों शहर सोडून नदीच्या कडेने दक्षिणेला निघालं की दोन्ही बाजूंना ग्रॅनाइट आणि शिस्ट खडकाचे उभे उतार लागतात. कोत-रोती, एर्मिताज, कोर्नास ही तिथल्या वाइनच्या भागांची नावं. एर्मिताज म्हणजे तँ-लेर्मिताज गावाच्या डोक्यावरची, दक्षिणेकडे तोंड करून बसलेली एक टेकडी. सगळी मिळून जेमतेम 135 हेक्टरच्या आसपास. आपल्याकडच्या एखाद्या मोठ्या गावाचं द्राक्षाखालचं क्षेत्र यापेक्षा जास्त भरेल. पण जगातल्या सिराचं माप गेली दोनशे-अडीचशे वर्षं या टेकडीवर घेतलं जातंय. एकोणिसाव्या शतकात बोर्दोच्या वाइनला अंग यावं म्हणून एर्मिताजची वाइन तिच्यात मिसळायचे, इतका तिचा दबदबा होता.

जात कुठून आली यावर बऱ्याच दंतकथा होत्या. कोणी म्हणे इराणच्या शिराझ शहरातून आली. 1998 मध्ये कॅलिफोर्नियातल्या डेव्हिस विद्यापीठाच्या आणि फ्रान्समधल्या मोंपेलिएच्या शास्त्रज्ञांनी डीएनए तपासून विषय संपवला. सिराची आई मोंद्यूझ ब्लांश ही पांढरी जात आणि बाप द्युरेझा ही काळी जात. दोन्ही फ्रान्सच्या त्याच आग्नेय पट्ट्यातल्या. म्हणजे ही वेल र्‍होनच्या शेजारपाजारचीच लेक.

तिथली शेती बघितली तर आपण हबकून जाऊ. कोत-रोतीला काही ठिकाणी उतार इतका उभा की ट्रॅक्टर चढत नाही. दगडी बांध घालून पट्ट्या केलेल्या, वेली काठ्यांना बांधलेल्या, बरीच कामं हाताने. उत्पादनावर कायद्याची मर्यादा आहे. एर्मिताज आणि कोर्नासला हेक्टरी 40 हेक्टोलिटर वाइन हा मूळ आकडा. आपल्या भाषेत हिशेब केला तर एकरी साधारण 2 टन द्राक्षं. आपल्याकडे वाइनच्या बागेतून एकरी 4-5 टन काढणारे आहेत आणि तेवढं काढल्याशिवाय खर्चही निघत नाही. हा फरक पुढे लागणार आहे, लक्षात ठेवा.

थंड म्हणजे किती थंड?

थंड मुलूख म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे बर्फ येतो. तसं नाही. तिथेही जुलै-ऑगस्टात चांगलं ऊन पडतं. खरी गोष्ट अशी की सिरा पिकायला जेवढी ऊब लागते तेवढी तिथे जेमतेम मिळते. अजून उत्तरेला बर्गंडीत गेलं की तिथे लोक सिरा लावतच नाहीत.

पण माझ्या मते आकड्यापेक्षा दिशा जास्त महत्त्वाची आहे. तिकडे मण्यात पाणी उतरतं ऑगस्टमध्ये, आणि पक्वता येते सप्टेंबरात. तोपर्यंत उन्हाळा उतरणीला लागलेला असतो. दिवस लहान होत जातात, रात्री गार होत जातात. म्हणजे घड थंडीच्या दिशेने पिकतो. आपल्याकडे उलटं. गोडी छाटणी सप्टेंबर-ऑक्टोबरात, मण्यात पाणी उतरतं डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत, आणि काढणी येते फेब्रुवारी-मार्चमध्ये, पारा रोज वर चढत असताना. आपला घड उन्हाळ्याच्या दिशेने पिकतो.

याचा परिणाम कशावर होतो? पहिला आम्लावर. मण्यातलं मॅलिक आम्ल उष्णतेत झपाट्याने जळतं. साखर चढते, आम्ल पडतं, पीएच वर जातो. त्यात आपल्या जमिनीत आणि खतात पालाश भरपूर, त्यानेही रसाचा पीएच चढायला मदत होते. मग वायनरीत टार्टारिक आम्ल घालून ते सावरावं लागतं.

दुसरा परिणाम वासावर, आणि हा मला सगळ्यात भारी वाटतो. थंड मुलखातल्या सिराला काळ्या मिरीचा वास येतो. हे वर्णन लोक फार पूर्वीपासून करायचे, पण वास कशाचा ते कळत नव्हतं. 2008 मध्ये ऑस्ट्रेलियन वाइन रिसर्च इन्स्टिट्यूटच्या शास्त्रज्ञांनी ते शोधलं. रोटंडोन नावाचा पदार्थ. आपल्या डब्यातल्या काळ्या मिरीत असतो तोच. तांबड्या वाइनच्या एका लिटरमध्ये 16 नॅनोग्रॅम असला तरी नाकाला कळतो. आणि गंमत म्हणजे त्या चाचणीत बसलेल्या साधारण पाचातल्या एका माणसाला तो कितीही वाढवला तरी कळलाच नाही.

हा रोटंडोन मण्याच्या सालीत असतो आणि पाणी उतरल्यानंतर पक्वतेच्या काळात साठतो. पुढच्या अभ्यासात दिसलं की त्या काळात घडाचं तापमान 25 अंशांच्या वर जितके जास्त तास राहील तितका तो कमी भरतो. म्हणून थंड वर्षी मिरी जास्त, गरम वर्षी कमी. एकाच बागेत सावलीतल्या घडात जास्त, उन्हाकडच्या घडात कमी. कृषी सल्लागार मंडळींनी हे वाक्य परत वाचावं. घडाभोवतीची पानं किती काढायची आणि कुठल्या बाजूची, हा आपल्या रोजच्या कामातला प्रश्न आहे, आणि त्याचं उत्तर सरळ ग्लासात जाऊन पडतं.

एकाच खोक्यातल्या सहा बाटल्या

आता चाखण्याबद्दल. माझा पुतण्या काही वर्षं लियोंला नोकरीला होता. त्याने 2010 सालच्या कोर्नासच्या सहा बाटल्यांचं एक खोकं घेऊन त्याच्या इमारतीच्या तळघरात ठेवलं. भारतात येताना एक-एक आणायचा. आमच्या गटातले चार-पाच बागायतदार आणि एक कृषी पदवीधर मित्र असे बसून आम्ही ती चाखायचो. वहीत लिहून ठेवायचो. कोर्नासमध्ये फक्त सिराच चालते, दुसरी जात मिसळता येत नाही, म्हणून जात बघायला ती बरी. एकच शेत, एकच वर्ष, एकच वाइन. बदलत होता तो फक्त काळ.

2013 : रंग शाईसारखा, कडेला जांभळा. मिरी कुटून समोर ठेवावी तसा वास, मागे करवंद आणि जांभूळ. थोडा धूर. तोंडात मात्र कच्च्या जांभळाने जीभ धरावी तसं झालं. आमचे अण्णा म्हणाले, ‘वाइन आहे का काढा?’ मिरीचा वास सगळ्यांना आला, अण्णांना अजिबात नाही. पाचातला एक म्हणतात तो हा. घरातली मिरी त्यांना बरोबर कळते, कारण तिला तिखटपणा आहे आणि बाकीचेही वास आहेत. वाइनमधली कळत नाही.

2015 : वास गायब. फळ नाही, मिरी नाही. नुसतं आम्ल आणि तुरटपणा. दोघांचं मत पडलं की बाटली वाया गेली. जाणकार लोक याला वाइन बंद झाली असं म्हणतात. सिरामध्ये ही अवस्था बऱ्याचदा येते.

2017 : दार किलकिलं झालं. मिरी परत आली, पण आता कुटलेली नाही, अख्खी. एक फुलासारखा वासही होता. तुरटपणा अजून दांडगा.

2019 : सगळ्यांनी मान हलवली. धुरावर भाजलेलं मटण, मिठाच्या पाण्यातल्या कैरीसारखी खारट-आंबट झाक. तिकडचे लोक याला काळ्या ऑलिव्हचा वास म्हणतात, आपल्याला खारवलेली कैरी जवळची. तुरटपणा मऊ झाला होता पण होता.

2022 : रंगाची कड विटकरी. तळाशी गाळ बसलेला. चामडं, दगडफूल, पहिल्या पावसानंतरची माती. मिरी मागच्या रांगेत. माझ्या वहीत या बाटलीला सगळ्यात जास्त गुण आहेत.

2024 : फळ पातळ झालं होतं, पण आम्ल अजून जिवंत. आमसुलाची आठवण यावी असं. दोघांना ही सगळ्यात आवडली, दोघांना 2019 ची. अण्णा म्हणाले, ‘आता कुठे पिण्याजोगी झाली.’

काय झालं असेल आत? थोडक्यात सांगतो. सालीतला रंग म्हणजे अँथोसायनिन आणि साल-बियांतलं टॅनिन, हे बाटलीत हळूहळू एकमेकांना धरून मोठे मोठे रेणू बनवतात. त्यामुळे जांभळा रंग तांबूस आणि मग विटकरी होतो. काही भाग जड होऊन गाळ म्हणून खाली बसतो, तोंडाला तुरटपणा मऊ लागतो. बुचातून अगदी किंचित हवा आत जाते, तिचाही यात हात असतो. फळाचे ताजे वास विरतात आणि दुसरे तयार होतात. त्यातला एक डायमिथाइल सल्फाइड. तो द्राक्षातच असलेल्या एका पदार्थापासून बाटलीत वर्षानुवर्षं सुटत राहतो आणि जुन्या सिराला तो ऑलिव्हसारखा, मातीसारखा वास यायला मदत करतो.

आता यातला शेतकऱ्याच्या कामाचा मुद्दा बघा. हे सगळं घडायला कच्चा माल कुठून आला? शेतातून. साल जाड आणि पक्व नसती तर टॅनिन-रंगाची ही साखळी झाली नसती. आम्ल शाबूत नसतं तर चौदा वर्षांनी वाइन जिवंत राहिली नसती. कमी पीएच असला की वाइन जंतूंपासून आणि हवेपासून जास्त काळ सांभाळली जाते, रंगही टिकतो. मिरी सालीत भरली नसती तर 2013 साली ती ग्लासात आली नसती. वायनरीने वाइन सांभाळली, ते श्रेय तिचं. पण जे सांभाळलं ते शेतातून आलेलं होतं.

आणि यातलं काढणीच्या दिवशी काट्यावर काय दिसलं असतं? वजन. रिफ्रॅक्टोमीटरवर? ब्रिक्स. बस.

घाईचा निकाल : ऑस्ट्रेलियातली गोष्ट

थंड मुलखाबाहेरचं एक उदाहरण देतो, कारण ते याच जातीचं आहे. 1950 च्या सुमारास पेनफोल्ड्स कंपनीचे मॅक्स शूबर्ट बोर्दोला जाऊन आले आणि त्यांनी ठरवलं की ऑस्ट्रेलियातल्या शिराझपासून वीस-तीस वर्षं टिकेल अशी वाइन करायची. पहिला प्रयोग 1951 चा. नाव ग्रेंज. काही वर्षांनी कंपनीतल्या आणि बाहेरच्या लोकांना ती चाखायला दिली. लोकांनी नाकं मुरडली. 1957 मध्ये कंपनीने हुकूम काढला, हे बंद करा. शूबर्ट यांनी 1957, 1958 आणि 1959 अशी तीन वर्षं ती वाइन गुपचूप केली. दरम्यान पहिल्या बाटल्या मुरत होत्या. 1960 मध्ये जुन्या बाटल्या परत चाखल्या तेव्हा मतं फिरली आणि कंपनीने पुन्हा रीतसर सुरू करायला सांगितलं. आज ती ऑस्ट्रेलियातली सगळ्यात नावाजलेली वाइन आहे.

यातून दोन गोष्टी घ्यायच्या. एक, टिकणारी वाइन फक्त थंड मुलखातच होते असं नाही. ग्रेंजची द्राक्षं र्‍होनपेक्षा गरम भागातली. तिथे टिकाऊपणा वेगळ्या वाटेने आला. दुसरी, लवकर दिलेला निकाल चांगल्या शेताचाही बळी घेऊ शकतो. तीन वर्षं कोणी गुपचूप काम केलं नसतं तर ती मालिका तिथेच तुटली असती.

आपल्याकडे असा गुपचूप बसणारा कोणी नव्हता. राज्याचं द्राक्ष प्रक्रिया धोरण 2001 मध्ये आलं, वायनरी उभ्या राहिल्या, करार झाले, लोकांनी कर्ज काढून वाइनच्या बागा लावल्या. 2008-09 च्या मंदीनंतर मागणी पडली, खरेदी आटली, आणि नाशिक भागात अनेकांनी वाइनच्या बागा उपटून परत खायची द्राक्षं लावली. उपटलेल्या बागांत चांगल्या किती होत्या आणि वाईट किती? त्याची नोंदच नाही. कारण कुठल्या प्लॉटची वाइन पाच वर्षांनी कशी लागते हे कोणी बघितलेलं नव्हतं. माळावरची मुरमाड बाग आणि नदीकाठची काळ्या जमिनीतली बाग एकाच भावात गेली आणि एकाच कुऱ्हाडीने गेली.

नाशिक म्हणजे कोर्नास नव्हे

लगेच कोणी म्हणेल, भाऊ, तुम्ही कुठे ग्रॅनाइटचे उतार आणि कुठे आपला बेसॉल्ट. बरोबर आहे. तिकडे अक्षांश 45, आपला 20. तिकडे वेल हिवाळ्यात झोपते, आपली झोपतच नाही, म्हणून तर दोन छाटण्या. समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरवर असल्याने आपल्याला रात्रीचा गारवा मिळतो, निफाडला थंडीच्या लाटेत पारा 5 अंशांखाली जातो, पण फेब्रुवारीच्या शेवटी दुपार 32-33 वर पोहोचते. आपली शिराझ कोर्नाससारखी लागणार नाही आणि लागावी असा हट्टही नको. तिकडचीही सगळी सिरा काही वीस वर्षं ठेवण्यासाठी नसते. र्‍होनच्या सपाटीवरची बरीचशी वाइन लोक तीन-चार वर्षांत पिऊन मोकळे होतात आणि त्यात कमीपणा मानत नाहीत. शिवाय थंड मुलूखही आता पूर्वीइतका थंड राहिलेला नाही. 2003 च्या उष्णतेच्या लाटेत उत्तर र्‍होनमध्ये ऑगस्टमध्येच काढणी सुरू झाली होती.

म्हणून मी नक्कल करा म्हणत नाही. त्यांची नोंद ठेवायची सवय घ्या म्हणतो. आपली शिराझ तीन वर्षांनी कशी, पाच वर्षांनी कशी, कुठल्या प्लॉटची टिकते आणि कुठल्या प्लॉटची दुसऱ्याच वर्षी बसते, एवढं कळलं तरी पुष्कळ. वीस वर्षांची बाटली नको. पाच वर्षांची तरी हवी.

कारण आपल्या हातात काही गोष्टी आहेत. छाटणी दहा-पंधरा दिवस अलीकडे घेतली तर पक्वतेचा काळ थंडीत जास्त सापडतो. पण मग फुलोऱ्यात परतीच्या पावसाचा आणि डाऊनीचा धोका वाढतो. दुपारच्या उन्हाकडच्या बाजूची पानं ठेवली तर घड गार राहतो, पण दाटी झाली तर भुरी येते. घड कमी ठेवले तर साल लवकर पक्व होते, पण टन कमी भरतात. यातला प्रत्येक निर्णय म्हणजे काही मिळवायचं आणि काही सोडायचं. सोडलेल्याची किंमत आपल्याला लगेच कळते, फवारणीच्या बिलात आणि काट्याच्या पावतीत. मिळवलेलं मात्र बाटलीत जातं आणि आपल्याला कधी दिसतच नाही. मग शेतकरी टनाकडे झुकला तर त्याला दोष कसा द्यायचा?

आणि ब्रिक्सवरचा भाव हे याचंच दुसरं टोक. एका वायनरीने एका हंगामात आमच्या भागातल्या बागायतदारांना 24 ब्रिक्स होईपर्यंत थांबायला लावलं. मार्च उजाडला, मणी सुकायला लागले, वजन घटलं, आम्ल पडलं. साखर आकड्यात बसली, भाव ठरलेला मिळाला, पण कमी किलोंवर. घटलेलं वजन शेतकऱ्याच्या खात्यात. बरं, त्या थांबण्याने वाइन सुधारली का? पाच वर्षांनी कोणी ती उघडून आमच्यासमोर ठेवली असती तर कळलं असतं.

मागणी काय करायची?

माझ्या मते करारात चार गोष्टी याव्यात. वायनरीला यात खर्च किरकोळ आहे.

पहिली, दर वर्षी ज्या टाकीत माझा माल गेला त्या वाइनच्या 12 बाटल्या माझ्या प्लॉटच्या नावाने बाजूला ठेवायच्या. माल दुसऱ्याच्या मालात मिसळला असेल तर तसं लिहून ठेवायचं. फुकट नकोत, रीतसर बिल लावा. आणि ठेवायच्या वायनरीतच. घरी नेऊन माळ्यावर ठेवल्या तर आपल्या मे महिन्यात त्यांचं वाटोळं होईल. बाटलीला 12 ते 15 अंशांची, न हलणारी, अंधारी जागा लागते.

दुसरी, काढणीच्या दिवशीचे सगळे आकडे शेतकऱ्याला द्यायचे. ब्रिक्स, पीएच, एकूण आम्ल, आणि जमलं तर मॅलिक वेगळं. वायनरीची प्रयोगशाळा यातलं बरंच काही तपासतेच. पावतीवर फक्त ब्रिक्स छापतात, बाकीचंही छापा.

तिसरी, वर्षातून एक दिवस बसायचं. एप्रिलची खरड छाटणी उरकली की. बागायतदार, वाइन करणारा माणूस आणि कृषी सल्लागार एका टेबलाला. एक वर्षाची, तीन वर्षांची आणि पाच वर्षांची बाटली शेजारी शेजारी. समोर त्या त्या वर्षाची छाटणीची तारीख, पाण्याच्या पाळ्या, पाणी उतरल्याची तारीख, टन आणि काढणीचे आकडे. आपली वही आणि त्यांची बाटली एकत्र आली की मग खरी चर्चा होते.

चौथी, भावात ब्रिक्सबरोबर पीएच आणि आम्लालाही वजन द्यायचं. एकदम नको. सुरुवातीला थोडा बोनस. ज्याने टन सोडले त्याला काहीतरी मिळालं पाहिजे, नाहीतर दर्जा हा शब्द भाषणातच राहील.

यावर येणारे आक्षेप मला माहीत आहेत. शेतकऱ्याला दारूची सवय लावता का, हा पहिला. जानेवारी 2022 मध्ये सुपरमार्केटात वाइन विकू देण्याचा निर्णय झाला तेव्हा राज्यभर याच मुद्द्यावर रान उठलं होतं. त्या चर्चेत विक्रीबद्दल सगळे बोलले, शेताबद्दल फार थोडे. चाखणं आणि पिणं यात फरक आहे. चाखणारे घोट तोंडात फिरवतात आणि थुंकतात, टेबलावर त्यासाठी भांडंच ठेवलेलं असतं. माळकरी मंडळींनी घोटही घेऊ नये, नुसता वास घ्यावा आणि आकडे बघावेत. मिरी आहे की नाही हे नाकालाच कळतं.

दुसरा आक्षेप वायनरीवाल्यांचा. आमची वाइन लवकर पिण्यासाठीच आहे, ठेवून काय करायचं? ठीक आहे, विका लवकर. पण जी वाइन पाच वर्षांनी नीट उभी राहते ती दोन वर्षांनी दुकानातल्या गरम फळीवरही जास्त बरी राहते. टिकाऊपणा हा तुमच्या दुकानदाराच्याही कामाचा आहे.

तिसरा आक्षेप आपल्यातलाच. एवढा वेळ कोणाला आहे? मंडळी, वाइनची बाग लावतो ती पंधरा-वीस वर्षांसाठी. खुंट लावायचा, कलम करायचं, तारा-अँगल उभे करायचे, कर्ज फेडायचं. एवढ्या वर्षांचा जुगार आपण खेळतो आणि निकालाकडे पाठ करून बसतो. पाच वर्षांनी एक बाटली उघडून बघायला वेळ नाही असं म्हणणं या व्यवहारात परवडणारं नाही. उद्या मागणी परत पडली, आणि कधी ना कधी ती पडतेच, तर कुठली बाग ठेवायची आणि कुठली काढायची हे कोण सांगणार? काट्याची पावती नाही सांगणार.

या हंगामाचे करार व्हायचे आहेत. ज्यांचे व्हायचे आहेत त्यांनी सही करण्याआधी एवढं तरी विचारा, ‘माझ्या प्लॉटच्या बाटल्या ठेवणार का, आणि पीएच पावतीवर लिहिणार का?’ उत्तर काय मिळालं ते एकमेकांना सांगा. एकट्याने मागितलं तर हसतील. गावातल्या दहा जणांनी मागितलं तर टेबल मांडतील.